मुष्टिफंडाची मूठ

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी पावसाची धार तुटत नाही, तेव्हा त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, माण आणि खटाव तालुक्यांत, आभाळाकडे डोळे लावून बसलेली रयत असते. पीक आले तर ज्वारी-बाजरीचे, आणि न आले तर सावकाराच्या खतावर अंगठा, अशा रीतीने जेथे पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले, त्या जिल्ह्यातील कुणब्यांच्या घरांनी परक्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या तोंडचे धान्य द्यावे, अशी अपेक्षा कोणी केली नसती. ते त्यांनी दिले, आणि त्या दानाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह उघडले की, जेथे स्पृश्य-अस्पृश्य, हिंदू-मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले; परंतु रोजच्या दोन वेळच्या भाकरीची विवंचना काही सुटली नाही. तेव्हा भाऊरावांनी खेड्यांतील गृहिणींपुढे मुष्टिफंडाची योजना मांडली: जात्यावर दळण घालण्यापूर्वी सुपातले मूठभर धान्य बाजूस काढावे, आणि साठेल ते वसतिगृहातील मुलांसाठी द्यावे.

या मागणीत माणसांची केवढी पारख होती! कुणब्याच्या घरी रोकड अशी नसेच. सुगीला जी हाती येई ती शेतसारा आणि व्याज भागविण्यात संपे, आणि तिच्यावर बाईचा हक्क कधीच चालत नसे. कणगीतले धान्य मात्र एकदा सुपात आले की तेथे तिचा अंमल सुरू होई. तिच्याजवळ देण्याजोगे जे एवढे एकच होते, तेवढेच तिच्याकडे मागितले गेले. शिवाय ही मूठ उरल्यासुरल्यातून द्यावयाची नव्हती. दळणाआधीच ती काढायची, म्हणजे तेवढी भाकर घरातल्या कोणाच्या तरी, आणि बहुधा सर्वांमागून जेवणाऱ्या स्वतःच्याच, ताटातून कमी होणार हे जाणून काढायची. दानाची थोरवी रकमेवरून ठरविण्याची आपली रीत या व्यवहारापुढे मला अगदी अपुरी वाटते.

अन्नदान महाराष्ट्राला नवे नव्हते. गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून शिकले, आणि वाटेवरच्या खेड्यांनी वारकऱ्यांना शतकानुशतके जेवू घातले. परंतु माधुकरी मिळे ती बहुधा आपल्याच जातीच्या दारी, आणि वारकऱ्याला वाढण्यात पुण्याचा लाभ असे. मुष्टिफंडातले धान्य कोणाच्या मुलाच्या मुखी जाणार हे मात्र देणारीला ठाऊक नव्हते. महाराचे मूल आणि मराठ्याचे मूल त्याच पिठाची भाकर शेजारी बसून खाते, हे कानी येऊनही ज्या घरांनी हात आखडता घेतला नाही, त्यांचे औदार्य पोटाच्या भुकेवर जसे मात करणारे होते, तसेच रूढीच्या धाकावरही. याचे श्रेय केवळ खेडुतांच्या भाबडेपणाला देणे मला मान्य नाही. खतात काय लिहिले आहे ते न कळता अंगठा उठवावा लागतो आणि कुलकर्ण्याच्या दप्तरापुढे मुकाट उभे राहावे लागते, हे दुःख त्या घरांनी भोगले होते. म्हणूनच दुसऱ्याच्या मुलाला अक्षर येणे हे त्यांना आपलेच कार्य वाटले असले पाहिजे.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांचे नाव संस्थेने कृतज्ञतेने जपले आहे. आज त्या संस्थेची शेकडो विद्यालये उभी आहेत. मूठ देणाऱ्या बायांची नावे मात्र सांगणारे आता थोडेच उरले असतील. ज्या वाचकांच्या घरी आजीची किंवा पणजीची अशी आठवण अजून सांगितली जात असेल, त्यांनी ती गावानिशी आणि नावानिशी लिहून काढावी आणि आपल्या गावच्या विद्यालयाकडे सोपवावी. संस्थेच्या इतिहासात तिला जागा मिळालीच पाहिजे.