फ्लोट काढून टाकला तर पेट्रोल कोण मोजणार? जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांवरील ‘इंजेक्टर’

म्हैसूरच्या यादवगिरी भागात आयडियल जावा कंपनीचा कारखाना होता. 1961 पासून तिथे जावा आणि 1973 पासून येझदी या नावाने टू-स्ट्रोक मोटारसायकली तयार होत असत. 1996 मध्ये तो बंद पडला. गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांना, आणि कॉलेजच्या गो-कार्ट टीममध्ये जुने टू-स्ट्रोक इंजिन हाताळणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना, कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: कार्ब्युरेटर काढून फ्यूल इंजेक्शन बसवले तर?

हा प्रश्न नवा नाही. 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये मोटारसायकली, स्कूटर आणि कार्टसाठी ‘इंजेक्टर’ नावाची वस्तू वेगळी विकत मिळत असे. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध वॉल फिलिप्स इंजेक्टर. वॉल फिलिप्स हे स्वतः स्पीडवेचे रेसर. हा इंजेक्टर कुठे उत्तम चालला आणि कुठे त्याने पिस्टन खाल्ले, हे समजून घेतले की इंधन-पुरवठ्याचा मूळ प्रश्न कळतो. उदाहरणासाठी आपण म्हैसूरचेच 250 सीसी इंजिन घेऊ: बोअर 65 मिमी, स्ट्रोक 75 मिमी.

आधी गरज किती ते काढू. 4500 आरपीएमला टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला 75 वेळा हवा आत घेते. दर वेळी 250 पैकी अंदाजे 175 घनसेंमी ताजी हवा येते असे धरा. तिचे वजन 0.21 ग्रॅम. हवा-इंधन गुणोत्तर 13 हवे असेल तर दर फेरीला 16 मिलिग्रॅम पेट्रोल, म्हणजे 0.022 मिलिलिटर, जेमतेम एक थेंब. सेकंदाला 75 थेंब, आणि प्रत्येक थेंब त्या फेरीतल्या हवेच्या मापाचा. थेंब दहा-पंधरा टक्क्यांनी लहान झाला तर मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि सिलेंडरमध्ये जाम होतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही येते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. जुन्या इंजिनाचे सुटे भाग शोधत फिरलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही.

आता कार्ब्युरेटर हे माप कसे घेतो ते पाहा. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना दाब कमी होतो. हा दाबफरक हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जेटमधून येणारे पेट्रोल दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरते काय? हवा दुप्पट, तर पेट्रोलही दुप्पट. यात ना सेन्सर, ना वायर, ना बॅटरी. फ्लोटचे काम एवढेच की जेटजवळची पेट्रोलची पातळी कायम ठेवायची, म्हणजे टाकी भरलेली की रिकामी याचा मापावर परिणाम होत नाही. थोडक्यात, कार्ब्युरेटर हे आधी मोजमापाचे यंत्र आहे आणि मग फवारणीचे. अभ्यासक्रमात बहुधा उलट क्रमाने शिकवतात, असे माझे मत.

मग तो काढावासा का वाटला? व्हेंचुरी हवेची वाट अडवते, त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला काही शक्ती जाते. आणि खडबडीत ट्रॅकवर किंवा जोरदार वळणात फ्लोटमधले पेट्रोल उसळते, पातळी बिघडते. वॉल फिलिप्स इंजेक्टरने दोन्ही काढून टाकले. राहिली एक सरळ नळी, तिच्यात फुलपाखरी झडप, आणि झडपेच्या दांड्यातून पेट्रोलची वाट. थ्रॉटल जितका उघडाल तितकी ही वाट उघडते. पंप नाही; पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने येते. म्हणजे आजच्या अर्थाने हे इंजेक्शन नव्हतेच. इंजिन बंद केल्यावर टाकीचा कॉक बंद करायला विसरलात तर पेट्रोल आत झिरपत राहायचे.

इथे नेमके काय हरवले? इंजिनात जाणारी हवा दोन गोष्टींवर ठरते: थ्रॉटल किती उघडा आहे आणि इंजिन किती आरपीएमवर आहे. या इंजेक्टरला थ्रॉटल कळत होता, आरपीएम कळत नव्हते.

याचे गणित करू. समजा डायरेक्ट ड्राइव्हचे, म्हणजे गिअरबॉक्स नसलेले कार्ट आहे. वळणातून बाहेर पडताना तुम्ही पूर्ण थ्रॉटल देता तेव्हा इंजिन 4000 वर आहे. सरळ पट्ट्याच्या टोकाला 8000 वर. थ्रॉटल तोच, म्हणून दर सेकंदाचे पेट्रोल तेच. हवा मात्र जवळजवळ दुप्पट झाली. 8000 ला गुणोत्तर 13 ठेवलेत तर 4000 ला ते 6.5 होते; इंजिन धूर ओकत गुदमरते. वळणातून चांगला उठाव हवा म्हणून 6000 ला 13 ठेवलेत, तर 8000 ला 17 च्या पुढे, म्हणजे पिस्टन गेला. नळीतल्या थोड्या शोषणामुळे प्रत्यक्षातली चूक या आकड्यांपेक्षा कमी असते, पण दिशा हीच.

म्हणून हा इंजेक्टर स्पीडवे आणि स्प्रिंटमध्ये शोभला. तिथे इंजिन बराच वेळ ठरावीक आरपीएमच्या आसपास, उघड्या थ्रॉटलवर असते. शिवाय तिथे इंधन बहुधा मेथॅनॉल. त्याला जरा जास्त समृद्ध मिश्रण चालते, आणि ते बाष्प होताना पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषून इंजिन थंड ठेवते. मापातली ढिलाई मेथॅनॉल पोटात घालते, पेट्रोल घालत नाही.

आता टाकीची उंची. गुरुत्वाने येणारा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. टाकीतली पातळी इंजेक्टरच्या वर 30 सेंमी होती, ती 20 वर आली, तर प्रवाह 0.82 पट होतो. सुरुवातीचे 13 चे गुणोत्तर शर्यत संपता संपता 16 च्या जवळ. कार्टमध्ये आणखी पंचाईत आहे. टाकी मध्ये, इंजिन सीटच्या उजव्या बाजूला, अंतर समजा 40 सेंमी. 1.5 जीच्या वळणात या आडव्या अंतराचा परिणाम 60 सेंमी उंचीइतका होतो. डाव्या वळणात पेट्रोलचा पूर, उजव्या वळणात दुष्काळ. मुळात आजच्या कार्टची टाकी जमिनीलगत असते, तिथून गुरुत्वाने पेट्रोल वर चढणारच नाही.

कार्टने हा प्रश्न दुसऱ्याच बाजूने सोडवला. आर्ट इंगेल्स यांनी 1956 मध्ये कॅलिफोर्नियात पहिले कार्ट बनवले ते वेस्ट बेंडच्या लहान इंजिनावर. पुढे या खेळात उतरलेली मॅककुलक कंपनी मूळची चेन-सॉ, म्हणजे लाकूड कापायच्या यंत्रकरवती, बनवणारी. ती करवत उलटी-तिरकी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्या टिलॉटसन कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटऐवजी लवचीक पडदा असतो, आणि क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालणारा छोटा पंप. फ्लोट गेला, पण व्हेंचुरी राहिली, मोजमाप शाबूत. म्हणूनच कार्टवर असा कार्ब्युरेटर अनेक दशके टिकला.

म्हैसूरला आणखी एक बाब लागू होते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा अंदाजे 7 टक्के विरळ. मुंबईत जुळवलेला कार्ब्युरेटर इथे आणला तर मिश्रण साधारण साडेतीन टक्क्यांनी समृद्ध होते, कारण हवा विरळ झाली की व्हेंचुरीतला दाबफरकही घटतो आणि निम्मी चूक आपोआप भरून निघते. गुरुत्वाच्या इंजेक्टरवर पूर्ण 7 टक्के. (दोन्ही आकडे स्वतः काढून पाहा, एक घनतेच्या वर्गमुळाने येतो, दुसरा थेट घनतेने.)

आरपीएमची उणीव भरून काढण्याचा यांत्रिक मार्ग अमेरिकेत स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी 1940 च्या दशकात शोधला होता. इंजिनानेच फिरणारा पंप वापरायचा. इंजिन दुप्पट फिरले की पेट्रोलही दुप्पट. थ्रॉटलला जोडलेली झडप त्याची वाटणी करते, जास्तीचे पेट्रोल टाकीत परत जाते. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा सर्वांत साधा प्रकार हेच करतो: थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम वाचून तक्त्यातून पेट्रोलचे प्रमाण काढतो.

ते तुमच्या जुन्या जावावर बसवता येईल का? बसेल, पण आधी वीज मोजा. त्या गाडीचा डायनॅमो 6 व्होल्टचा, सुमारे 45 वॅटचा. इंजेक्शनचा दाब-पंप एकटाच जवळजवळ तेवढी वीज मागतो. हेडलाइट कशावर लावणार?

आणि एवढे करून टू-स्ट्रोकचा मूळ दोष जात नाही. एक्झॉस्ट पोर्ट उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक न जळता बाहेर पडतो. इंजेक्टर इनटेकला बसवला तरी हवेबरोबर पेट्रोल जायचे ते जातेच. ते थांबवायचे तर पोर्ट बंद झाल्यावर थेट सिलेंडरमध्ये फवारायला हवे. जर्मनीत गुटब्रॉड मोटारीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बॉशच्या पंपाने हे केले होते. आपल्याकडे बजाज ऑटोने 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीच्या तंत्रावर थेट फवारणीची टू-स्ट्रोक रिक्षा आणली. मात्र एक खबरदारी: पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये गेले की क्रँककेसमधून फक्त कोरडी हवा जाते. टाकीत मिसळलेले ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही, म्हणून वेगळा ऑइल पंप लागतोच.

स्वाध्याय: एका कार्ट इंजिनाचे एक्झॉस्ट पोर्ट पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी 90 अंशांवर बंद होते. 4500 आणि 12000 आरपीएमला थेट फवारणीसाठी जास्तीत जास्त किती मिलिसेकंद मिळतील? (उत्तरे: 3.3 आणि 1.25.) त्यातला बाष्पीभवनाचा वेळ वजा केल्यावर काय उरते, याचा विचार वर्गात करा.