फायबरची नाव दुरुस्त करताना आधी हे वाचा



उन्हाळ्यात सातनाला, मत्तडीवागूचं पाणी उतरलं की आपण नावा काठावर ओढतो आणि तळाची दुरुस्ती काढतो. मागच्या उन्हाळ्यात आपला एक सभासद ऊन लागू नये म्हणून नावेवर ताडपत्री बांधून आतून रेझिन लावत होता. थोड्या वेळात डोकं गरगरलं, उलटी झाली. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. पण ते ऊन नव्हतं, डब्यातली वाफ होती.

डब्यात काय असतं?
रेझिन पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन घातलेलं असतं, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून सुटली ती याच स्टायरीनची वाफ. 12 जण गेले. आपला डबा लहान आहे, पण माल तोच.

ही वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड असते. म्हणून ती वर उडून जात नाही, नावेच्या तळात साचते. आणि आपण तिथंच तोंड खाली घालून काम करतो! डोळे-नाक चुरचुरतात, डोकं दुखतं, चक्कर येते. वर्षानुवर्षं हेच काम केलं तर ऐकू कमी येऊ शकतं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं स्टायरीनला कर्करोगाची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत धरलं. थोड्या वेळानं वास जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे वाफ गेली, असं समजू नका.

आग कशी लागते?
स्टायरीनची वाफ 31 अंशाच्या वर ठिणगीनं पेटते. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतही पारा 40 च्या वर असतो. ब्रश धुवायचं अ‍ॅसिटोन तर थंडीतही पेटतं. म्हणून जवळ बिडी, चूल, वेल्डिंग काही नको.

काम करताना एवढं पाळा:
1. ताडपत्री वरून बांधा, चारही बाजू मोकळ्या ठेवा. शक्यतो सकाळी लवकर काम करा. एकट्यानं करू नका.
2. रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्या. घासताना धुळीचा मास्क लावा.
3. हातमोजे, चष्मा घाला. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. लगेच स्वच्छ पाण्यानं निदान 15 मिनिटं डोळा धुवा, मग थेट रिम्सला न्या.
4. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर घाला. थोडं थोडंच कालवा, जास्त माल एकदम तापून धूर सोडतो.
5. हात अ‍ॅसिटोननं धुऊ नका, साबण वापरा.
6. उरलेला माल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. घरात पोरं आहेत.
7. धुतलेलं अ‍ॅसिटोन, रेझिन तलावात ओतू नका. मासळी आपलीच आहे.
8. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या रेझिनवर पाणी मारू नका.

चक्कर आली तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा. शुद्ध हरपली, श्वास अडला तर 108 ला फोन करा.

नाव पुन्हा घेता येते, बंधूंनो. नाव चालवणारा पुन्हा येत नाही.

आपल्या संस्थेतर्फे,
सचिव