वाफेच्या काळातला पोशाख

तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषेची स्पर्धा होते ना? कोणी शेतकरी होतो, कोणी सैनिक होतो. समजा, एक मुलगा पितळी चष्मा कपाळावर चढवून रंगमंचावर आला. त्याने जाकिटाच्या खिशातून साखळीचे घड्याळ काढले आणि तो म्हणाला, “मी वाफेच्या यानातून चंद्रावर जाऊन आलो!” तुम्ही हसाल. असे यान कधी नव्हतेच. पण ते असते तर? असे मानून जो पोशाख करतात, त्याला स्टीमपंक म्हणतात.

‘स्टीम’ म्हणजे वाफ. ‘पंक’ म्हणजे चारचौघांची रीत मोडून वागणारा तरुण. अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ साली थोड्या गमतीनेच हा शब्द बनवला. तो गोष्टींसाठी होता. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या, जहाजे, गिरण्या वाफेवर चालत. वीज आणि पेट्रोल मागे राहिले असते आणि वाफेचीच यंत्रे वाढत गेली असती, तर जग कसे दिसले असते? या कल्पनेवर त्या गोष्टी रचलेल्या असतात. पुढे वाचकांना त्यांतील माणसांसारखे कपडे घालावेसे वाटले. इंग्लंडमधील लिंकन शहरात २००९ साली अशा पोशाखांचा मेळा सुरू झाला.

पोशाख करताना सुरुवात कपड्यांपासून करू नका. आधी ठरवा, मी कोण? इंजिनाचा फायरमन, घड्याळजी, की नकाशे काढणारी मुलगी? काम ठरले की वस्तू आपोआप सुचतात. फायरमन भट्टीत कोळसा टाकतो. ठिणग्या व धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याला मोठा चष्मा लागतो. गाड्यांची वेळ पाळायची, तर घड्याळ हवे. त्या काळी पुरुष मनगटावर घड्याळ बांधत नसत. ते जाकिटाच्या लहान खिशात ठेवत आणि पडू नये म्हणून साखळी काजात अडकवत. नकाशे काढणाऱ्या मुलीची ओढणी यंत्रात अडकू नये, म्हणून ती कमरेला पट्ट्याने बांधलेली असावी.

आता दातेरी चाकांविषयी. पुष्कळ जण टोपीवर, बुटांवर, जिकडेतिकडे चाके चिकटवतात. मला हे मुळीच आवडत नाही. चाक हे फूल नव्हे, ते काहीतरी फिरवते. दोन चाकांचे दाते एकमेकांत बसवले, तर एक उजवीकडे फिरते व दुसरे डावीकडे. तिसरे चाक त्या दोघांनाही भिडवले, तर काय होईल? पुठ्ठ्याची तीन चाके कापून पाहा बरे! तिन्ही जागच्या जागी अडकून बसतात. यंत्रे जाणणाऱ्या माणसाने तुमच्या छातीवर अशी तीन चाके पाहिली, तर तो ओळखेल की हे यंत्र कधीच चालणार नाही.

सामान महाग नसते. पुठ्ठा, बाटल्यांची झाकणे, जुन्या पिशवीचा पट्टा, तुटलेले कुलूप एवढे पुरते. वस्तूला आधी काळा रंग द्या. तो वाळल्यावर ब्रश सोनेरी रंगात बुडवून कागदावर पुसून घ्या. मग जवळजवळ कोरडा झालेला तो ब्रश फक्त उंचवट्यांवरून फिरवा. खाचा काळ्या राहतात आणि पुठ्ठा जुन्या पितळेसारखा दिसतो. अंधारात चमकणारे आकडे असलेले जुने घड्याळ मात्र उघडू नका. त्या रंगात घातक रेडियम असू शकते.

सगळे कपडे तपकिरीच हवेत, असा एक समज आहे. जुने फोटो तपकिरी दिसतात, म्हणून तो झाला असावा. खरे तर १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला प्रयोग करताना जांभळा रंग सापडला आणि तशा भडक रंगांची लाटच आली. तेव्हा हिरवी शेरवानी खुशाल घाला.

हो, शेरवानीच! इंग्रज साहेबाचा कोट आणि सोला हॅट घातलीच पाहिजे, असे कोणी सांगितले? वाफेचे युग आपल्याकडेही आले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हा तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती. पुढे बोरघाटातला लोहमार्ग झाला. साहेबांनी नकाशे काढले, पण बोगदे हजारो मजुरांनी खणले आणि कित्येक जण तेथेच मेले. डोक्याला मुंडासे, हातात पहार आणि पाठीवर वाफेवर चालणारे खोदयंत्र असा मजूर तुम्ही का होऊ नये?

मुलींसाठी तर तयार गोष्टच आहे. बेगम रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या मासिकात छापून आली. तिच्यातील देशाचा कारभार स्त्रिया चालवतात, हवेतून गाडी उडवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. त्यात वाफेची यंत्रे नाहीत; पण त्या हवेतल्या गाडीच्या चालिकेचा पोशाख कसा असेल, याचा विचार करा. वाऱ्याने ओढणी उडू नये म्हणून ती काय करत असेल?

पोशाख झाला की घरी एकदा घालून जिना चढून-उतरून पाहा. चष्म्याच्या काचांवर वाफ धरते. कडेला सुईने चार भोके पाडली की ती धरत नाही.