प्रोलॉगची रोजकीर्द

इंदुरात बडा गणपतीच्या, म्हणजे त्या २५ फूट उंचीच्या शेंदरी विघ्नहर्त्याच्या शेजारात राहणाऱ्या मनुष्याने फावल्या वेळी होळकरांची वंशावळ लिहून काढावी यात नवल ते काय. परंतु ती कापडी रुमालात न बांधता प्रोलॉग नामक तर्कनिष्ठ संगणकभाषेत उतरविण्याची दुर्बुद्धी मला झाली, आणि त्या निमित्ताने या भाषेच्या दप्तरात कागद दाखल कसा होतो ते जवळून पाहावयास मिळाले.

‘पिता(मल्हारराव, खंडेराव).’ ही फायलीतील पहिली ओळ, आणि अखेरचा पूर्णविराम हा तिचा शिक्का; तो राहून गेला की पुढची ओळही तिलाच चिकटते आणि दोन्ही नामंजूर होतात. खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, त्यांचे पुत्र मालेराव १७६७ साली, गादीवर वर्षही पुरे होण्याच्या आत निवर्तले, ही दुसरी ओळ. मग मी मोठ्या उत्साहाने ‘पिता(कोण, मालेराव).’ असे विचारले, तो उत्तर साफ नकारार्थी! या भाषेत अज्ञाताचे नाव रोमन मोठ्या अक्षराने वा अधोरेषेने सुरू व्हावे लागते. देवनागरीत मोठे अक्षरच नसल्याने ‘कोण’ हे एखाद्या गृहस्थाचे नाव समजले गेले. ‘_कोण’ लिहिताच खंडेराव हजर झाले.

फाईल दाखल करण्याच्या आज्ञेला ‘कन्सल्ट’ म्हणतात. दाखल होताना एकेक विधान वाचले जाते. ‘:-’ या चिन्हाने आरंभ होणारे विधान हा हुकूम, त्याची तामिली जागच्या जागी होते. बाकीची विधाने, रोजकिर्दीतील रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती मांडाव्यात तशी, आपापल्या संबंधाच्या खाती क्रमवार बसतात. हा क्रम महत्त्वाचा, कारण उत्तरांचा शोध त्याच वाटेने चालतो. ‘पिता’च्या ओळींमध्ये भलतीच ओळ घुसली, तर एका खात्याच्या नोंदी विखुरल्याची तक्रार हा कारकून तत्काळ नोंदवितो. आम्हांला तरी त्याचा हा खवचटपणा फार उपकारक वाटतो.

१९७२ साली मार्सेय येथे आलँ कोल्मेरोअर व फिलिप रूसेल यांनी ही भाषा सिद्ध केली तेव्हा तिचे विधान निव्वळ वाचून चालविले जाई. एडिंबरो येथे डेव्हिड वॉरन व सहकाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास डेक-१० यंत्रासाठी कंपायलर रचला, तोही बव्हंशी प्रोलॉगमध्येच. आणि १९८३ साली वॉरन यांनी जे कल्पित यंत्र कागदावर मांडले, त्याच्या आज्ञांत विधाने उतरविण्याची रीत पुढे बहुतेकांनी उचलली. त्या एडिंबरोच्या परंपरेत मात्र एक मौज होती: कन्सल्ट जुन्यात नवे मिळवी, आणि जुने काढून नवे ठेवण्यासाठी ‘रीकन्सल्ट’ ही निराळी आज्ञा लागे. एकच फाईल दोनदा कन्सल्ट केली की प्रत्येक उत्तर दोनदा!

ॲम्स्टरडॅमच्या यान वीलेमाकर यांनी १९८७ पासून वाढविलेल्या एसडब्ल्यूआय प्रोलॉगमध्ये तीच फाईल पुन्हा दाखल केली तर जुन्या नोंदी आपसूक बदलल्या जातात, आणि ‘मेक’ म्हटले की बदललेल्या फायली तेवढ्याच नव्याने घेतल्या जातात. ही सोय माझ्या अंगाशी आली. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांची शाखा मी दुसऱ्या फायलीत लिहिली होती. ती दाखल होताच तिने ‘पिता’चे अख्खे खाते आपल्या नावे करून पहिल्या फायलीच्या नोंदी बरखास्त केल्या, आणि सुभेदार मल्हारराव क्षणार्धात निपुत्रिक ठरले. इशारा पडद्यावर उमटला होता. तो वाचण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

आता दोन्ही फायलींच्या माथ्यावर ‘पिता’ हे खाते सामाईक असल्याचा ‘मल्टिफाइल’ हुकूम आहे. मालेरावांचे आजोबा विचारले की मल्हारराव हे उत्तर येते, आणि एकदाच येते.