माध्यम हाती आले, नागरिकत्वाचे काय?

बहिष्कृत समाजाला बोलण्यासाठी स्वतःचे साधन लागते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करून दाखवून दिले. त्यासाठी पैसा, छापखाना, वर्गणीदार लागत. आज वस्तीतल्या पोराच्या खिशात मोबाईल आहे. तेव्हा माध्यमाचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही.

या माध्यमाची ताकद मी नाकारीत नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत मेलेल्या गाईचे कातडे सोलल्यावरून दलित तरुणांना उना शहरात गाडीला बांधून मारले गेले. मारणाऱ्यांनीच चित्रफीत पसरवली. हेतू दहशतीचा होता. तीच चित्रफीत त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. पण लढा उभा केला तो मेलेली जनावरे उचलायला नकार देणाऱ्या आणि अहमदाबादहून चालत १५ ऑगस्टला उना गाठणाऱ्या माणसांनी. चित्रफितीने संताप दिला. संघटना माणसांनाच करावी लागली.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, रोजगार हमीची हजेरी, सारे आता ऑनलाइन झाले आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील फक्त ४.४ टक्के घरांत संगणक आढळला. पुढे मोबाईल वाढले. अर्ज स्वतः भरण्याची सवय वाढली नाही. माझे विद्यार्थी समाजमाध्यमांवर तडफेने लिहितात, शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र पैसे मोजून केंद्रचालकाकडून भरून घेतात. पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. अर्ज त्रुटीसाठी परत आला, तर मुलाला मुदत संपल्यावर कळते. पूर्वी कारकुनाला जाब विचारता येत होता, घेराव घालता येत होता. पडद्याला जाब कोण विचारणार?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. दाद मागणारे अंध आणि ॲसिडहल्ल्यातील पीडित होते. तो हक्क वस्तीत आणणे हे आपले काम आहे. विहारात, समाजमंदिरात आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकलेल्या मुलामुलींनी बसावे. अर्ज भरून देऊ नये, भरायला शिकवावे. पासवर्ड ज्याचा त्याच्याजवळ राहावा. अडलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख आणि कारण एका वहीत लिहावे, आणि ती वही घेऊन समाजकल्याण कार्यालयात लेखी उत्तर मागावे. एकाच कारणाने पन्नास अर्ज अडल्याचे दिसले, की ती एकेकट्याची अडचण राहत नाही. ती समाजाची मागणी होते.