पांढरी साडी

“आई, तुझ्याकडे एखादी पांढरी साडी आहे का गं? फाटली तरी चालेल अशी?”

दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून आलेली माझी लेक उंबऱ्यातूनच विचारत होती. पाठीवरची सॅकसुद्धा अजून उतरवली नव्हती. ऐन दिवाळीत पांढरी साडी! माझ्या पोटात गोळाच आला. मग कळलं, साडी हडळीसाठी हवी होती.

झालं होतं असं, की मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला त्यांना एक प्रोजेक्ट होतं. भयपटाची सुरुवात तयार करायची. अख्खा सिनेमा नाही, फक्त पहिली दोन मिनिटं. चौघांचा गट, कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालेल; पण कथेचा आराखडा, चित्रांच्या चौकटी आणि शॉटची यादी आधी लिहून द्यायची. लेकीनं गटाला ऐटीत सांगून टाकलं होतं, “आमचा गावाकडे जुना वाडा आहे. आत एक बंद खोली पण आहे!” भाऊबीज झाली की बाकीचे तिघं येऊन धडकणार होते.

तसं वाईच्या आसपास शूटिंगचं कुणाला फारसं अप्रूप नाही. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं (२००४) शूटिंग झालं, त्याला वीस वर्षं उलटून गेली, तरी ‘शाहरूख इथं उभा होता’ असं दाखवणारी माणसं अजून भेटतात. पण आपल्याच माजघरात शूटिंग म्हटल्यावर मीही जरा हुरळले. चौघांच्या जेवणाचा बेत मनात ठरूनही गेला.

पोरं आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनात काडीची माणसं काढायची. हा ‘स्टोरीबोर्ड’. पहिली गोष्ट अशी होती: चार मित्र, रात्र, गाडी बंद पडते, जुना वाडा, कुईकुई दार, आणि आतून पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली बाई. बाईच्या तोंडातून रक्त. रक्ताची तालीमसुद्धा लगेच झाली. डब्यातली काकवी, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. रंग हुबेहूब जमला हो! पण रात्री वाटी ओट्यावरच राहिली आणि सकाळी पाहते तो ओट्यापासून देवघरापर्यंत मुंग्यांची रांग. हिचकॉकनं ‘सायको’मध्ये (१९६०) रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, सिनेमा काळा-पांढरा होता म्हणून खपलं, असं कॅमेरावाल्या मुलानं मला सांगितलं. त्यांच्याकडे मुंग्या होत्या की नाही, ते नाही सांगितलं!

मी भजी तळता तळता ऐकत होते. शेवटी राहवलं नाही. विचारलं, “भूत बाईचंच का?”

“काकू, बाईचं भूत जास्त भीतीदायक वाटतं,” एक मुलगा निरागसपणे म्हणाला.

आता मी काही सिनेमातली जाणकार नाही. बी.ए. मराठी घेऊन केलं, आणि गेली बारा वर्षं आठवड्यातले तीन दिवस तालुक्याच्या ठिकाणी महिलांच्या समुपदेशन केंद्रात बसते. पण तिथं बसल्यामुळेच हे पांढऱ्या साडीचं प्रकरण मला खुपतं. आपल्याकडची भुतं जरा आठवून बघा. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला, तो मुंजा. (२०२४ साली ‘मुंज्या’ सिनेमा आल्यापासून तो शहरातल्या मुलांनाही माहीत झालाय.) पोटुशी असताना किंवा बाळंतपणात मेली, ती हडळ. कुठं तिलाच अळवंतीण म्हणतात. म्हणजे ज्या बाईला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, ती मेल्यावर सगळ्या गावाला छळणारी ठरते! आणि विधवेला आपण जी साडी नेसवली, तीच नेमकी भुताला.

पोरांना मी केंद्रात आलेल्या एका बाईबद्दल सांगितलं. घरातली म्हैस आटली, दिराचं पोर आजारी पडलं, सगळं खापर हिच्यावर. ‘ही करणी करते.’ हिचा गुन्हा काय, तर नवरा गेल्यावर जमिनीत वाटा मागितला. देवऋषाकडे नेऊन तिला मारलं होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ला हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखादीवर करणीचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे सगळं मी तावातावानं सांगितलं.

“आई, लेक्चर नको. आम्हाला दोन मिनिटं करायचीत,” लेक वैतागून म्हणाली. पण कॅमेरावाला मुलगा विचारात पडला होता. म्हणाला, “काकूंचं बरोबर आहे. दोन मिनिटांत भूत दाखवलं तर पुढं दाखवायला काय उरणार?” मग त्यानं लॅपटॉपवर मला दोन जुने इंग्रजी सिनेमे नुसते सुरुवातीपुरते दाखवले. ‘जॉज’मध्ये (१९७५) रात्री एक मुलगी समुद्रात पोहायला उतरते, काहीतरी तिला खाली ओढतं; मासा दिसतच नाही. यंत्राचा मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शकाला तो कमीत कमी दाखवावा लागला, आणि तेच जास्त घाबरवणारं ठरलं. ‘हॅलोविन’मध्ये (१९७८) तर आपण खुन्याच्या डोळ्यांनीच घरात शिरतो आणि शेवटी मुखवटा काढल्यावर दिसतो एक सहा वर्षांचा मुलगा! मी पदर तोंडाशी धरून बघत होते. सुरुवातीनं गोष्ट सांगायची नसते, बघणाऱ्याच्या मनात प्रश्न सोडायचा असतो, एवढं मला तेव्हा कळलं.

“मग बंद खोलीच दाखवू या. नुसतं दार,” लेक म्हणाली.

“त्या खोलीत नको.”

दारात सासूबाई उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) ही मालिका लागायची, तेव्हा एकही भाग न चुकवणारी ही बाई. माजघराला लागून असलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत मात्र त्या कधी गेल्या नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हाच मला सांगितलं गेलं होतं, तिथं अडगळ आहे, जायचं नाही. मुलांना सांगायचे, तिथं हडळ आहे. माझ्या नवऱ्यानंही लहानपणी तेच ऐकलेलं. मी स्वतः अंधश्रद्धेवर भाषणं देणारी. पण पंचवीस वर्षांत त्या खोलीची कडी मीही काढली नव्हती. का, ते मला सांगता येणार नाही.

सासूबाई खाली बसल्या. परडीतली गवार पुढ्यात ओढली आणि मोडता मोडता सांगायला लागल्या. १९६६चा पावसाळा. त्या नव्या सुना, एकोणीस वर्षांच्या. थोरल्या जाऊबाई त्या खोलीत बाळंतपणाला अडून बसल्या होत्या, दोन दिवस. बैलगाडीतून वाईला न्यावं, असं सुईणच म्हणाली. पण मामंजी म्हणाले, आमच्या घरातल्या बायका घरातच बाळंत होतात. बाळ दगावलं. ती सगळी रात्र जाऊबाई पाणी मागत होत्या. कच्च्या अंगाला पाणी द्यायचं नाही, असं घरातल्या मोठ्या बायकांचं म्हणणं.

“भांडं आपटायच्या गं जमिनीवर. टण् टण्. मी बाहेर तांब्या घेऊन उभी होते. आत जायची छाती झाली नाही माझी. पहाटे आवाज थांबला.” गवारीची शेंग त्यांच्या हातात तशीच होती. “बारावा होतोय न होतोय तोवर म्हणायला लागले, हडळ झाली. हडळ म्हटलं की डॉक्टर का नाही आणला, हे कुणी विचारत नाही ना.”

स्वयंपाकघरात कुणी बोललं नाही. मी गॅस बंद केला.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरातल्या बायकांना बोलतं करत होते आणि माझ्या घरातली ही बाई साठीक वर्षं तो तांब्या हातात धरून उभी होती! मला माझीच लाज वाटली.

लेकीनं त्या रात्री सगळे चौकोन खोडले. सकाळी नवीन कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचलं आणि माझंही मन घाबरलं. कुणाच्या मरणावर मार्क मिळवायचे का? नवरा तर स्पष्टच म्हणाला, “घरातलं चार लोकांत कशाला?” त्याचंही चूक म्हणता येईना, त्याचे ते आजोबा. मी म्हटलं, ज्यांचं आहे त्यांना विचारा. सासूबाईंनी कागद हातात घेतला नाही. नुसतं ऐकलं आणि दोन अटी घातल्या. नाव घ्यायचं नाही आणि तोंड दाखवायचं नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि त्या मुलीला पाणी देऊ दे.”

शूटिंगच्या आदल्या दिवशी मी माझ्यापरीनं तयारी केली. शेजारी आणि पोलीस पाटलांना सांगून आले, की रात्री दिवे हलतील, आवाज येतील, घाबरू नका. छोट्या गावात एक किंकाळी ऐकू आली की सकाळपर्यंत तिचं काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. स्मशानात एक शॉट घ्यायचा पोरांचा बेत होता, तो मी हाणून पाडला.

रात्री नऊला सुरुवात झाली आणि पहाटे साडेतीनला संपलं. दोन मिनिटांसाठी चौदा शॉट! ‘सायको’तल्या त्या न्हाणीघरातल्या पाऊण मिनिटाच्या प्रसंगाला सात दिवस लागले होते म्हणे, तेव्हा आमचं त्या मानानं लवकरच आटोपलं. काळोख दाखवायलाही उजेड लागतो, हे मला नवीन होतं. अगदीच अंधार असला तर मोबाइलच्या चित्रात नुसते ठिपके ठिपके येतात. म्हणून चार्जिंगचा दिवा खिडकीबाहेर टांगला, त्यावर पतंगाचा निळा कागद लावला, की झालं चांदणं. तरी उजेड टोचत होता. मग आली कामाला ती पांढरी साडी! दुहेरी करून खिडकीला पडद्यासारखी बांधली, तर उजेड असा मऊ झाला, की माजघर मलाच ओळखू येईना.

पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतीवरचं घड्याळ पांघरुणात गुंडाळलेलं. एवढं करून ऐन शॉटला कुत्री भुंकायची. उदाचा धूर केला तर सगळ्यांनाच ठसका. एकदा तर भुताऐवजी शेजारच्या काकूच काठी घेऊन हजर. “झालं का रे तुमचं?”

दोन मिनिटांत होतं ते एवढंच: रात्री एका मुलीला जाग येते. कुठूनतरी टण्... टण्... ती माजघरात येते. आवाज बंद खोलीतून येतोय. दाराला बाहेरून कडी. दाराखालच्या फटीतून उजेड. ती भांडं भरते, उंबऱ्याशी ठेवते, वळते. चार पावलं जाते. मागं बघते. कडी तशीच आणि भांडं रिकामं.

भांडं रिकामं व्हायचा शॉट त्यांना न तोडता हवा होता. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्याबरोबर फिरला, की तेवढ्यात मागून एका मुलानं मोजे घालून रांगत यायचं आणि भांडं बदलून पळायचं. पहिल्यांदा तो घसरला, दुसऱ्यांदा पाणी सांडलं, तिसऱ्यांदा मलाच हसू आवरलं नाही. अकराव्या खेपेला जमलं. भांडं भरणारे हात जवळून दाखवायचे होते. लेकीचे हात फार कोवळे दिसतात, असं कॅमेरावाला म्हणाला. सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या, बांगड्या मागं सारल्या आणि तांब्या उचलला. सिनेमात मुलगी तरुण आहे आणि पाणी ओतणारे हात म्हातारे आहेत. हे चुकीचं आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण तो शॉट काढून टाकायला कुणी तयार झालं नाही.

शेवटी नुसत्या शांततेचा आवाज रेकॉर्ड करायचा असतो, शॉट जोडताना खाली लावायला. एक मिनिट सगळ्यांनी श्वासही जपून घ्यायचा. त्या मिनिटात मी दाराकडे बघत होते. भीती नव्हती वाटत. रडू येत होतं.

सगळं आवरल्यावर पोरं गाद्यांवर आडवी झाली. मी भांडी उचलायला गेले, तर एक भरलेलं भांडं उंबऱ्याशी राहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “ओतू नकोस.” त्यांनी स्वतः कडी काढली. आत नुसत्या पाट्या, फुटका रांजण आणि एक मोडकी बाज. त्यांनी भांडं बाजेशेजारी ठेवलं आणि थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मी बाहेर थांबले.

आता त्या खोलीच्या खिडक्या उघड्या असतात. रांजण काढला, बाज अजून तिथंच आहे. ती टाकायची की नाही, यावर नवऱ्याचं आणि सासूबाईंचं एकमत होत नाही. पोरांना वीसपैकी चौदा मार्क मिळाले. हातांचं वय जुळत नाही आणि भूत दिसत नाही, असा शेरा होता. लेक चिडली. तिनं ती दोन मिनिटं आजीला मोबाइलवर दाखवली. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिली आणि विचारलं, “पुढं?”

“पुढं काही नाही आजी, एवढंच करायचं होतं. सुरुवात फक्त.”

“असं कसं? तिनं पाणी प्यायलं ना? मग ती पुढं काहीतरी बोलेलच की.”