आश्विनातील वाढदिवस

शेतकऱ्याच्या घरी चार पाहुण्यांना स्वस्थ चित्ताने जेवू घालता येईल असा काळ वर्षात फार थोडा. आषाढात घरातील प्रत्येक हात चिखलात, श्रावणात कणगी तळाला गेलेली, वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागलेला. आश्विनात मात्र पाऊस ओसरतो, हळवे भात पिवळे पडते, हिरव्या चाऱ्यामुळे गोठ्यात दूध असते. अशा दिवसांत ज्याचा जन्म झाला त्याचा वाढदिवस शहरातील खोलीत दिवे मालवून व मेणबत्त्या फुंकून करणे प्रस्तुत लेखकास रुचत नाही.

जन्म अन्य महिन्यातील असला तरी ज्येष्ठ अपत्याची सोय पूर्वजांनी करून ठेविली आहे. कोजागरीच्या रात्री घरातील पहिल्या अपत्यास, मग ते आठ वर्षांचे असो वा साठ, पाटावर बसवून ओवाळतात. यासच ‘आश्विनी करणे’ म्हणतात. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने व कुरडूची फुले एकत्र बांधून दारावर लाविली जातात आणि नव्या तांदळाची खीर देवापुढे येते. उत्तन-वसईकडील ख्रिस्ती शेतकरीही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ करून नव्या लोंब्या मंदिरात नेतात. धर्म निराळे, परंतु भात पिकण्याची वेळ एकच.

ठाणे जिल्ह्यातील काशीगाव हे असेच भातशेतीचे गाव होते. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. आता तेथे काशीगाव नावाचे मेट्रोचे स्थानकही उभे आहे. खाचरे इमारतींखाली गेली. तेथील एका परिचित कुटुंबाने मात्र जमिनीच्या मोबदल्यातून वाडा तालुक्यात थोडी भातशेती घेतली, आणि दर कोजागरीस आप्तेष्टांसह ते तिकडे जातात. २०२५ साली ६ ऑक्टोबरला आम्हीही गेलो होतो, कारण घरातील थोरला मुलगा त्या तिथीस अठरा वर्षांचा होत होता.

हळवे कापून झाले होते. वाड्याच्या नावाजलेल्या कोलमास अद्याप अवकाश होता. दुपारपासून आजीने नव्या भाताचे पोहे कांडावयास घेतले. भात भिजवून, निथळून, खापरात भाजून, गरम असतानाच उखळात घालावयाचे. निवले की त्याचा चुरा होतो, म्हणून भाजणारी व कांडणारी यांची गती जुळावी लागते. शेजारचे वारली कुटुंब, ज्यांच्या हातांनी लावणी झाली, ते प्रथम पंक्तीस बसले. मुंबईहून कोणी केक आणिला होता. तो वाटेतील उन्हाने पार बसला होता. मुलांनी तो चमच्यांनी खाल्ला आणि कोणाचीही तक्रार नव्हती. चंद्र वर आल्यावर पोहे व नारळाचे पाणी यांचा नैवेद्य झाला, आटीव दुधात चांदणे पडले. आई विधवा म्हणून ओवाळण्यास मागे सरत होती. आजीने निरांजन तिच्याच हाती दिले.

तथापि त्या रात्री सर्वांच्या मनात एक गोष्ट होती. बाप गेल्यावर जमिनीस मुलगा व आई यांची नावे लागली, आणि सात-बारावर मुलाच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून, आईचे नाव आले. अज्ञानाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. १९५६ चा कायदा तसा आहे. चुलते गिऱ्हाईक घेऊन बसले होते. शाळेत नाव घालतेवेळी त्यांनीच जन्मतारीख १ जून सांगितली होती. ही तारीख महाराष्ट्रात किती लोकांची आहे, हे ज्याने दफ्तर हाताळिले त्यासच ठाऊक! त्या तारखेने मुलगा जूनमध्येच सज्ञान झाला होता, आणि खरेदीखतावर सही करावी असा आग्रह भाद्रपदापासून चालू होता.

आई म्हणे, पोर कोजागरीच्या रात्री झाले. परंतु तिथीस दफ्तरात स्थान नाही, आणि तिथी स्थिरही नसते. कोजागरी २०२३ साली २८ ऑक्टोबरला होती, २०२४ साली १६ ला, २०२५ साली ६ ला. अधिक मासाने ती पुन्हा पुढे जाते आणि एकोणिसाव्या वर्षी बहुधा मूळ तारखेजवळ येते. सुदैवाने जन्म आजोळी झाला होता व आजोबांनी मुदतीच्या एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत वर्दी दिली होती. पूर्वी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदात, अशा नोंदी होत. १९६९ च्या कायद्यानंतर निबंधकाचे पुस्तक आले. वर्ष उलटून गेले असते तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद झाली नसती. दाखला निघाला, त्यावर ऑक्टोबर २००७ च्या अखेरच्या आठवड्यातील तारीख होती. म्हणजे ओवाळणी झाली त्या रात्री मुलगा तिथीने सज्ञान होता, कायद्याने नव्हता. आणि भाद्रपदात सही झाली असती तर ते खत अज्ञानाचे ठरले असते.

दाखला वाचून झाल्यावर चुलत्यांनी दुधाचा पेला रिता केला व मुकाट्याने खळ्याकडे गेले.

पुढे तारीख उलटल्यावर मुलाने दाखल्यासह तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार मंजूर झाला आणि अ.पा.क. शेरा निघाला. शाळेतील तारखेची दुरुस्ती अद्याप चालू आहे. जमीन विकावयाची की राखावयाची, हे आता त्याचे तोच व त्याची आई ठरवितील; कोलमाची कापणी होईपर्यंत तरी त्यांनी गिऱ्हाइकास उत्तर दिले नव्हते.